‘वाचून’ आणि ‘हॅविंग रेड’

प्रश्न : एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद करताना ‘पत्र वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले’ या वाक्यासाठी मी ‘हॅविंग रेड द लेटर, टिअर्स केम टू माय आइज’ असे लिहिले. तपासनिसांनी ते चूक ठरवले. वाचन आधी झाले आणि अश्रू नंतर आले, हा क्रम तर बरोबर आहे. मग चूक कोठे झाली?
— एक वाचक, सांगली

उत्तर : क्रम तुम्ही अचूक पकडला आहे, चूक कर्त्याची आहे. ‘हॅविंग रेड’ हे परफेक्ट पार्टिसिपल, म्हणजे आधी पूर्ण झालेली क्रिया दाखवणारे क्रियापदाचे रूप असून त्याला स्वतःचा कर्ता नसतो, म्हणून इंग्रजी वाचक मुख्य वाक्याचा व्याकरणिक कर्ता हाच त्याचाही कर्ता मानतो. तुमच्या वाक्यात तो कर्ता ‘टिअर्स’ आहे, त्यामुळे पत्र अश्रूंनी वाचले असा अर्थ होतो. मराठीतील ‘वाचून’ मात्र, ज्याला अनुभव आला त्या माणसाकडे पाहते, मग तो ‘माझ्या’ या षष्ठीत असो वा ‘मला आनंद झाला’ यातील ‘मला’ या रूपात. मराठीची ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, पण ती इंग्रजीत नेता येत नाही. ‘हॅविंग रेड द लेटर, आय वेप्ट’ हे वाक्य निर्दोष आहे, तरी डोळ्यांतले पाणी राखायचे असेल तर ‘व्हेन आय रेड द लेटर, टिअर्स केम टू माय आइज’ हेच मी निवडेन.

‘पाऊस पडून नदीला पूर आला’ यात तर दोन क्रियांचे कर्तेच वेगळे आहेत. तेथे ‘आफ्टर’ किंवा ‘बिकॉज’ने सुरू होणारे पूर्ण उपवाक्य लिहावे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी : प्रत्येक ‘-ऊन’ म्हणजे ‘हॅविंग’ नव्हे. ‘तो हसून म्हणाला’ यात हसणे व बोलणे एकाच वेळी घडते, आणि ‘हॅविंग स्माइल्ड’ लिहिल्यास हसू मावळल्यावर तो बोलला असे वाटते. म्हणून तेथे नुसते ‘स्माइलिंग’ पुरते. पहिली क्रिया पूर्ण झाली आणि त्यामुळे दुसरी शक्य झाली, हे दाखवायचे असेल तेव्हाच ‘हॅविंग’ शोभते. नकारात ‘नॉट’ त्याच्या आधी येते : ‘नॉट हॅविंग रिसीव्ड अ रिप्लाय, आय रोट अगेन’, म्हणजे उत्तर न मिळाल्याने मी पुन्हा लिहिले.