काडेपेटीएवढं यंत्र युरिया पकडेल का?

प्रश्न : गावात दूध संकलन केंद्र चालवतो. परवा एक विक्रेता काडेपेटीएवढं इन्फ्रारेड यंत्र दाखवून गेला. 'आत चिप आहे, दुधात काय मिसळलंय ते मोबाइलवर दिसेल,' म्हणाला. घ्यावं का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : युरियासाठी घेणार असाल, तर एवढ्यात नको.

तुमच्याकडचं मिल्को टेस्टर बहुधा अल्ट्रासोनिक असेल. ते दुधातून ध्वनी पाठवून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) काढतं. युरिया किंवा साखर घातली की बिचारं एसएनएफ वाढवून दाखवतं. इन्फ्रारेडचं तसं नाही. रेणूतले बंध आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात : फॅट साधारण ५.७ मायक्रोमीटरला, प्रथिनं ६.५ला, लॅक्टोज ९.६ला. डेअरीच्या लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं याच मशीनवर होतो. तिथे दूध आधी ४० अंशांपर्यंत तापवतात, फॅटच्या गोळ्या फोडून बारीक करतात आणि मग ते जेमतेम ५० मायक्रोमीटरच्या फटीतून सोडतात. फट मोठी ठेवली, की दुधातलं पाणीच सगळा प्रकाश गिळतं.

खिशातली बहुतेक यंत्रं या पट्ट्यात चालतच नाहीत. ती २.५ मायक्रोमीटरच्या अलीकडे, निअर-इन्फ्रारेडमध्ये मोजतात, कारण तिथले दिवे आणि डिटेक्टर स्वस्त पडतात. पण तिथल्या खुणा पुसट आणि एकमेकींवर चढलेल्या. फॅटचा अंदाज निघेल. युरियाची मर्यादा मात्र १०० मिलीला ७० मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी या यंत्रावर मी तरी कुणाचं दूध परत पाठवणार नाही.

लांब तरंगांच्या चिपवरही काम चालू आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये क्वांटम कॅस्केड लेसर तयार झाला आणि या लांब तरंगांसाठी एवढासा प्रकाशस्रोत हाती आला. चिपवर हा प्रकाश जर्मेनियमच्या बारीक वाटेने धावतो, त्याची कड तेवढी बाहेर येऊन द्रवाला चाटून जाते. ही कड एक-दोन मायक्रोमीटरची, आणि फॅटची गोळी सरासरी तीन-चारची! म्हणजे अख्खी गोळी तिला दिसतच नाही. शिवाय चिपवर प्रथिनांचा थर बसतो; दर नमुन्यानंतर तो धुणार कोण?

विक्रेत्याला एकच विचारा : कॅलिब्रेशन (यंत्राचं गणित बसवणं) कोणत्या दुधावर केलंय? गाईच्या दुधावर बसवलेलं गणित म्हशीच्या ७ फॅटला चालत नाही. तोवर युरिया तपासायचं डीएमएबी या रसायनाचं द्रावण ठेवा. ५ मिली दुधात ५ मिली टाका (आम्ल असतं, हात सांभाळा). साधं दूध फिकट पिवळं होतं. ठसठशीत पिवळं दिसलं, तर तो कॅन बाजूला काढून नमुना लॅबला धाडा.