एकाच ग्रंथाचे पैसे आहेत: वर्तनाचा घ्यावा की रोगांचा?

प्रश्न: पशुवैद्यकीय पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. साठवलेल्या पैशांत एकच जाडजूड ग्रंथ बसतो, प्राणिवर्तनाचा किंवा पशुरोगांचा. हप्त्यांवर दोन्ही घेऊ का?

उत्तर: हप्त्यांचं आधी डोक्यातून काढा. नवी आवृत्ती आली की जिची किंमत उतरते, त्या वस्तूवर व्याज भरायचं नाही.

तुमचा कल रोगांच्या ग्रंथाकडे असणार, पोटापाण्याचा विषय तोच. तरी माझं मत वर्तनाच्या बाजूने. रोगांविषयीचं छापील ज्ञान भराभर शिळं होतं. गुरांचा बुळकांडी रोग जगातून हद्दपार झाल्याचं 2011 साली जाहीर झालं. उलट 2024 मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच5एन1 बर्ड फ्लू आढळला, तो त्याआधीच्या पुस्तकात कुठून असणार? शिवाय ताजी माहिती फुकट मिळते: मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल हा पशुरोगांचा संदर्भग्रंथ आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेची निदान-पुस्तिका, दोन्ही ऑनलाइन खुल्या आहेत. रंगीत फोटोंचा मोह मला कळतो. तो विक्रेत्यालाही कळतो.

वर्तनशास्त्राचा पाया इतक्या लवकर हलत नाही. वर्तन कशामुळे घडतं, वाढीच्या काळात कसं आकार घेतं, जगण्याला काय उपयोगी पडतं आणि उत्क्रांतीत कुठून आलं, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक टिनबर्गन यांनी 1963 मध्ये मांडलेले चार प्रश्न आजही अभ्यासात पहिल्यांदा भेटतात. म्हणून एक-दोन आवृत्त्या मागचं, वापरलेलं पुस्तक चालेल. दवाखान्यातही ते उपयोगी पडेल: आजारी जनावर चारा सोडतं, पडून राहतं, यामागे तापासाठी ऊर्जा राखण्याची शरीराची धडपड असू शकते, हे कळलं की तपासणीत नजर वेगळी लागते.

एका परिस्थितीत माझा सल्ला उलटतो. परीक्षा त्या रोगांच्या ग्रंथावरच असेल आणि ग्रंथालयात प्रत मिळत नसेल, तर तोच घ्या. पण चालू आवृत्ती घ्या. ऊतींमधल्या बदलांची वर्णनं जुन्या प्रतीतही चालतात. औषधांच्या मात्रा आणि उपचारानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे मात्र जुन्या पानावरून ठरवू नका. परीक्षा झाली की मागच्या वर्गातल्या कुणाला लगेच विका, पुढची आवृत्ती जाहीर होण्याआधी.