वाचकांचे प्रश्न : थर्मासचा डबा आणि मधली सुट्टी

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. सकाळी सातला थर्मासच्या स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी भरून देते. साडेअकराला ती डबा उघडते तेव्हा खिचडी कोमट आणि गोळा झालेली असते. डबा नवाच आहे. चुकतंय कुठे? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : भरताना डब्यात जेवढी उष्णता जाते, तिच्यातलीच काही दुपारपर्यंत टिकते. नाशिकच्या थंडीत पहाटेचा पारा कधी दहाच्याही खाली जातो. रात्रभर ओट्यावर राहिलेला डबा तेव्हा गारठलेला असतो आणि खिचडी पडताच तिची ऊब आधी आतलं स्टील शोषून घेतं. म्हणून डब्यात काठोकाठ उकळतं पाणी ओता, झाकण लावा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. डबा गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये मात्र कधीही तापवू नका. तोवर खिचडी मंद आचेवर रटरटत राहू द्या. पाणी ओतून टाकलं की लगेच खिचडी भरा. आधी ताटलीत काढून निववू नका. वरती बोटभर जागा सोडून डबा भरा, कारण अर्धा रिकामा डबा फार लवकर निवतो. पहिली-दुसरीच्या मुलांना साधारण 300 मिलीचा डबा पुरतो. मोठा घेऊन अर्धाच भरण्यापेक्षा लहान घ्यावा.

गोळा होतो तो पाण्याच्या हिशेबामुळे. बंद डब्यात तांदूळ पाणी पीतच राहतो. घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी असेल तर मुळातच चिकट, तो जास्तच घट्ट होतो. 350 मिलीच्या डब्यासाठी पाव वाटी तांदूळ, दोन मोठे चमचे मूगडाळ आणि दोन वाट्या पाणी घ्या (वाटी दीडशे मिलीची). भरताना खिचडी पळीवरून ओघळली पाहिजे. तेव्हा ती पातळ वाटेल, वाटू द्या.

एवढं करूनही निवत असेल तर डबा तपासा. उकळतं पाणी भरून, झाकण लावून दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. झाकण कोमट लागणं ठीक. पण बाजूला किंवा बुडाला ऊब लागली तर दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली असं समजा. पडून पोचा आलेल्या डब्यांचं असं होतं, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर याहून चांगलं. सुट्टीच्या दिवशी सातला उकळतं पाणी भरा आणि साडेअकराला मोजा. 60 अंशांच्या वर असेल तर डबा भरवशाचा. अन्न 60 च्या खाली रेंगाळलं की जिवाणू वाढू लागतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

प्रश्न : रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात दिला तर चालेल का? आणि पोळी-भाजी? – एक पालक, सिडको

उत्तर : भात रात्री तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवला असेल तरच. शिजवूनही तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात ओट्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीने जात नाही. हे पालकांनी अगदी मनावर घ्यावं, कारण अशा भाताला वासही येत नाही. फ्रिजमधला भात पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून आतपर्यंत वाफ येईतो तापवा. पुन्हा तापवणं नको, डब्यात उरलेला टाकून द्या.

पोळी, इडली, थालीपीठ थर्मासमध्ये वाफेने ओलं होतं. पोळी कापडात गुंडाळून वेगळी द्या, थर्मासमध्ये रस्सा भाजी किंवा उसळ. मिसळ द्यायची तर मटकीची उसळ आणि कट डब्यात, फरसाण सुक्या डबीत. मेथी-पालक चार तासांत काळपट पडतात, बटाट्याच्या फोडी विरघळतात. त्या जरा मोठ्या चिरा. दूध घातलेले पदार्थ नकोत.

प्रश्न : झाकण इतकं घट्ट बसतं की मुलाला शाळेत उघडत नाही. – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आतली वाफ थंड झाली की झाकण आत ओढलं जातं. झाकणावर हवा सोडायचं बटण असलेला डबा घ्या. आधी बटण, मग फिरवणं, हे मुलाकडून घरी करून घ्या. डबा मांडीवर घेऊन न उघडता बाकावर ठेवून, तोंड लांब ठेवून उघडायचा. वाफेचा चटका फार वाईट बसतो.

प्रश्न : रोज धुऊनही डब्याला आमटीचा वास येतो. – एक वाचक, पंचवटी

उत्तर : वास वायसरखाली असतो. झाकणातली रबरी रिंग रोज काढून धुवा. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रिंग अर्धा तास बुडवून ठेवा. तारेची घासणी वापरू नका. रात्री झाकण न लावता डबा उपडा ठेवा. रिंग सैल पडली किंवा चिरली तर बदला, नाहीतर दप्तरात आमटी सांडेल.