नेट नेमकं कुठे तुटतंय?

प्रश्न : ताई, आमच्याकडे कराडला फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. राउटर कंपनीचाच, चारेक वर्षांचा झाला. दिवाळीपासून नेट सारखं जातं, संध्याकाळी जास्त. कधी लाल दिवा लुकलुकतो, तर कधी सगळे दिवे हिरवे असूनही काही उघडत नाही. सूनबाई घरून काम करते, ऐन मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटतो. कंपनीचा मुलगा येतो, बंद-चालू करतो आणि 'आता ठीक आहे काकू' म्हणून जातो. पुण्याचा भाचा म्हणतो, तो डबा काढून टाक, चांगला राउटर घे. पण लँडलाइनही त्यालाच जोडलेली आहे. राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये आहे. वायर लोंबकळू नये म्हणून मी ती नीट गुंडाळून रबर बँड लावून ठेवली आहे. काय करावं?
— निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, सगळ्यात आधी तो रबर बँड काढा. हे वाचून झालं की लगेच. त्या बारीक वायरीत तांबं नाही, काचेचा केसाएवढा तंतू आहे आणि त्यातून प्रकाश जातो. वळण तंग झालं की प्रकाश तिथूनच बाहेर पडतो. साध्या तंतूला साधारण ३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं. घरात टाकायचा नवा तंतू १० मिलिमीटरपर्यंत सोसतो, पण तुमच्याकडे कोणता टाकलाय ते वरून दिसत नाही. म्हणून वेटोळी बशीएवढी मोठी ठेवा आणि सैल सोडा. तुमच्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तुमच्याकडून जाणारा १३१० चा. तंग वळणावर लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो, त्यामुळे आधी मार खातो तो तुमच्याकडे येणारा सिग्नल.

तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि भाच्याचा सल्ला त्यातल्या जेमतेम एकाला लागू पडेल. लाल दिवा, म्हणजे ज्याखाली एलओएस लिहिलेलं असतं तो, लुकलुकला की डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. तेव्हा जगातला सगळ्यात महाग राउटर आणलात तरी उपयोग नाही. मी फायबर जोडणीच्या कामावर होते तेव्हा सांगलीत एका घरी रोज दिवेलागणीला नेट जायचं. वायर देवघराच्या दाराच्या बिजागरीजवळून नेली होती. दिवा लावायला दार उघडलं की ती चिमटली जायची. तोवर त्या घरात राउटर दोनदा बदलून झाला होता. तुम्हीही वायर भिंतीतून आत येते तिथपासून डब्यापर्यंत बोटाने चाचपत या. कपाटाच्या मागे दबलीय का, खिडकीच्या फटीत आवळलीय का, खिळ्याला अडकवलीय का, बघा. हिरव्या टोकाचा कनेक्टर मात्र उपसून बघू नका. त्याच्या टोकावर धुळीचा कण बसला तरी सिग्नल पडतो, आणि तंतूतला प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी डोळ्यांना घातक असतो.

आता दुसरं दुखणं, दिवे हिरवे आणि नेट नाही. इथे मात्र शोध घ्यावा लागतो, आणि तो पैसे खर्च करण्याआधीच घ्यावा. सूनबाईंना सांगा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. काही डब्यांचा पत्ता वेगळा असतो, तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, पासवर्डही बहुधा तिथेच. आत 'स्टेटस'मध्ये दोन वेळा दिसतील : डबा किती वेळ सुरू आहे, आणि इंटरनेटचं सेशन, म्हणजे कंपनीशी जुळलेली जोडणी, किती वेळ सुरू आहे. नेट गेल्यावर लगेच हे पान बघायचं. डब्याचीच वेळ पाच मिनिटांवर आली असेल, तर डबा बंद पडून पुन्हा सुरू होतोय. मग संशय अ‍ॅडॉप्टरवर घ्या. चार वर्षं चोवीस तास तापलेला अ‍ॅडॉप्टर थकतो, आणि तो बदलायला राउटरच्या मानाने अगदी किरकोळ खर्च येतो. डबा दोन दिवस सुरू आहे पण सेशन पाच मिनिटांचंच आहे, तर तुटतेय ती लाइन किंवा कंपनीकडची बाजू. दोन्ही वेळा लांबलचक असूनही सूनबाईंचा आवाज तुटत असेल, तर दोष वायफायचा असू शकतो.

तो वायफायचाच आहे का, हे एका संध्याकाळी कळतं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत पिंग, राउटरचा पत्ता आणि शेवटी मायनस टी (ping 192.168.1.1 -t असं). दुसरीत तेच, पण पत्ता चार वेळा आठ, मध्ये टिंब (8.8.8.8, हा गूगलचा, म्हणजे घराबाहेरचा पत्ता). दोन्हीकडे ओळी पडत राहतील. आवाज तुटला त्या क्षणी राउटरच्या खिडकीतच 'टाइम आउट' दिसलं, तर अडचण लॅपटॉप आणि डबा यांच्यामध्ये आहे, म्हणजे घरात. राउटरच्या ओळी सुरळीत आणि फक्त चार आठवाल्या अडकल्या, तर अडचण घराबाहेर. हाच प्रयोग लॅन केबल लावून एकदा करा. केबलवरही राउटर बरोबर उत्तर देतोय आणि संध्याकाळीच बाहेरचं उत्तर मंदावतंय, तर कंपनीने एका मार्गावर जास्त घरं लादली असण्याची शक्यता आहे. त्यावर तुम्ही विकत घेतलेलं कुठलंही यंत्र चालत नाही.

घरातच असेल तर आधी डबा शोकेसमधून बाहेर काढा. टीव्हीच्या मागे, काचेच्या दारामागे, स्टीलच्या भांड्यांशेजारी वायफाय कोंडतं. मग सूनबाईंच्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडायला सांगा. २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते, तिथे एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की त्या तीनांत आख्खी गल्ली भांडते. तुमचं नेट संध्याकाळी जास्त का जातं, याचं हेही एक कारण असू शकतं.

कंपनीचा मुलगा आला की त्याला 'नेट जातं' एवढंच सांगू नका. त्याच्यावर चिडूही नका, दिवसाला कितीतरी घरं त्याच्या माथी असतात. 'ऑप्टिकल पॉवर किती येतेय, मीटर लावून सांग' असं म्हणा. आकडा उणे डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) येईल. उणे २० च्या आसपास असेल तर छान. उणे २७ ही या डब्यांची साधारण शेवटची मर्यादा, त्यामुळे उणे २५ च्या पलीकडे गेलं की लाइन कडेलोटावर आहे. आणि ३ ने कमी झालं म्हणजे प्रकाश निम्मा झाला, हे ध्यानात ठेवा. आकडा तारखेसह वहीत लिहा. तक्रार केल्यावर डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. तो असला की त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांत ती सोय आहे.

एवढं करूनही दोष डब्याच्या वायफायचा ठरला, तरच राउटर घ्या. तेव्हाही कंपनीचा डबा काढायचा नाही. त्याच्यात दोन यंत्रं एकत्र आहेत : प्रकाशाचं इंटरनेट करणारा ओएनटी आणि वायफाय देणारा राउटर. पहिल्याची नोंद कंपनीकडे असते, लँडलाइनही त्याच्यावरच चालते. म्हणून कंपनीला 'हा ब्रिज मोडवर टाका' (म्हणजे राउटरचं काम सोडून त्याने नेट फक्त पुढे द्यावं) म्हणून सांगा, पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉग-इन होण्याचं) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीने लाइनला दिलेला आकडा) लिहून घ्या, आणि लँडलाइन सुरू राहील ना, हे फोनवरच विचारा. ब्रिजला नकार मिळाला, तर नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, जोडा आणि जुन्याचं वायफाय बंद करा. दुकानात 'फायबरसाठी, वॅन पोर्ट असलेला, गिगाबिट' असं स्पष्ट सांगा, नाहीतर टेलिफोन वायरीचा जुना एडीएसएल मोडेम गळ्यात पडतो. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिलात, तर घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातील.

एक गोष्ट कळकळीने सांगते. डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करू नका. कंपनीने भरलेली सगळी माहिती त्याने पुसली जाऊ शकते, आणि मग तो मुलगा येईपर्यंत नेटही नाही, फोनही नाही. बंद-चालू करायचं तर प्लग काढायचा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीत रेंज येत नाही. एक्स्टेंडर घेऊ का?
— गृहिणी, ठाणे

उत्तर : साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. दाराच्या चौकटीवरून लॅन केबल आत नेता आली, तर तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. तेच सगळ्यात टिकाऊ. केबल शक्यच नसेल तर मेश (एकमेकांशी जुळवून चालणाऱ्या वायफाय डब्यांचा संच) घ्या, आणि दुसरा डबा रेंज मेलेल्या खोलीत न ठेवता अर्ध्या वाटेवर ठेवा.

प्रश्न : लाइट गेली की नेट जातं. राउटरचा छोटा यूपीएस कामाचा आहे का?
— विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : हो. पण अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. यूपीएसचे अँपिअर अ‍ॅडॉप्टरइतके किंवा जास्त हवेत. जीपॉन फायबरमध्ये (एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटला जातो ती पद्धत) रस्त्यावरच्या स्प्लिटरला, म्हणजे प्रकाश वाटणाऱ्या डबीला, वीज लागतच नाही, त्यामुळे कंपनीच्या केंद्रात वीज असेल आणि तुमचा डबा जिवंत असेल तर नेट चालतं. मात्र स्थानिक केबलवाल्याने लॅन केबलने कनेक्शन दिलं असेल, तर त्याचा स्विच तुमच्या गल्लीतल्याच विजेवर असणार. यूपीएस घेण्याआधी त्याच्याकडे बॅकअप आहे का, ते त्याला विचारा.