पेडण्याची जागा विकण्याआधी

सलाम भावा,

तुझा मेल दोनदा वाचला. म्हापशात सहा वर्षं नोकरी केलीस, घरी बायको आणि तीन वर्षांची लेक आहे, आणि आता चर्चच्या पाळकीय सेवेत यायचंय. अमेरिकेतल्या एका सेमिनरीनं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजनं, एम.डिव्ह.ला (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) प्रवेश दिला, निम्मी फी माफ केली. उरलेल्या पैशांसाठी वडिलांची पेडण्याची जागा विकू का, असं विचारतोस. मी वास्कोचा. याच वाटेनं मिशिगनला आलो, त्याला अकरा वर्षं झाली. जागा विकू नकोस. निदान या वर्षी तरी नको.

तुझ्या पाचारणाबद्दल, देवाच्या बोलावण्याबद्दल, मला शंका नाही, काळजी आहे ती हिशेबाची. एम.डिव्ह. म्हणजे पूर्णवेळ शिकलास तरी तीन वर्षं. फी निम्मी झाली तरी घरभाडं, आरोग्य विमा, पुस्तकं आणि थंडीचे कपडे पूर्णच घ्यावे लागतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, तेही कॅम्पसवरच. मी लायब्ररीत पुस्तकं लावायचो. त्यात किराणा निघायचा, भाडं निघायचं नाही. बायको एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, येईल आणि तिला इथं नोकरी करायची परवानगीच नसेल. तिला काय वाटतं, हे तुझ्या मेलमध्ये कुठंच दिसलं नाही. आधी तिच्याशी निवांत बोल. आमच्या घरी पहिल्या हिवाळ्यात बायबलसाठी शिकायच्या ग्रीक व्याकरणापेक्षा जड गेलं ते दिवसभर चार भिंतींत बसलेल्या माझ्या बायकोचं गप्प होणं.

पैशाचं एक अनुभवानं सांगतो. मला एका मंडळीनं, म्हणजे चर्चनं, दरमहा मदत करायचं तोंडी वचन दिलं होतं. दुसऱ्या सत्रात त्या मंडळीचे पुढारी बदलले आणि मदत थांबली. जानेवारीत फीची तारीख उलटून गेली, आणि मी ऑफिसच्या दारात उभा राहून मुदत मागत होतो. तुला कुणी मदत कबूल केली असेल तर किती, किती महिने, कुणाच्या सहीनं, हे सगळं कागदावर घे. विश्वासू माणसालाही त्यात वाईट वाटत नाही.

आता पदवीचं. अमेरिकेत आणि कॅनडात सेमिनरींना मान्यता देणारी मुख्य संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, म्हणजेच एटीएस. तुझ्या सेमिनरीचं नाव तिच्या यादीत आहे का, ते आजच बघ. नसेल तर विषय तिथंच संपला. मात्र पदवी मिळाली म्हणजे दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून अधिकृत मान्यता, मिळाली असं होत नाही. दीक्षा देते ती मंडळी. तुमच्या पंथाचे पुढारी परदेशी एम.डिव्ह.वर दीक्षा देतील का, हे निघण्याआधी विचार. शिकून झाल्यावर अमेरिकेतच राहू, असा विचार असेल तर तोही तपासून बघ. ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष मिळेल. त्यानंतरच्या आर-१ या धार्मिक सेवकांच्या व्हिसाला त्याच पंथाचं किमान दोन वर्षांचं सभासदत्व लागतं, आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षं चालतो.

मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी आधी पुण्याला गेलो असतो. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून १९८३ मध्ये तिथं आली. ती धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या श्रीरामपूर सिनेटशी संलग्न आहे. या सिनेटचं मूळ म्हणजे विल्यम केरी आणि त्याच्या सोबत्यांनी बंगालात १८१८ साली काढलेलं कॉलेज. (आपल्या नगरकडच्या श्रीरामपूरशी गल्लत करू नकोस.) बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) तिथं कर, सुट्टीत गोव्यात येऊन आपल्याच मंडळीत उपदेश कर, आणि परदेश हवाच असेल तर पुढं एका वर्षाच्या टीएच.एम.ला (मास्टर ऑफ थिऑलॉजी) ये. तोवर लेक शाळेत जाऊ लागेल आणि पेडण्याची जागाही हातात राहील.

पुण्याचा आग्रह एवढ्यासाठीच नाही. इथं आमच्या अभ्यासक्रमात हॉस्पिटलमधली सेवा होती, ४०० तासांची. एका रात्री वॉर्डातून बोलावणं आलं. लेकीकडे आलेले, मूळचे साळगावचे म्हातारे गृहस्थ, हृदयाचा झटका. मी इंग्रजी प्रार्थना-पुस्तक उघडून वाचू लागलो. ते छताकडे बघत राहिले. मग वास्कोच्या शाळेत कानावर पडलेली कोंकणी प्रार्थना आठवली आणि मी सुरू केलं, "सर्गींच्या आमच्या बापा". त्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या ओळी स्वतः म्हटल्या, ओठ हलतील एवढ्याच आवाजात. ग्रीकमध्ये मला चांगले गुण होते, पण त्या रात्री ते कामी आले नाहीत.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडचा माणूस म्हणून गोव्यात उतरला, आणि १६१६ मध्ये साष्टीतल्या राचोलमधून त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, मराठी ओव्यांत. तो परक्या देशात जाऊन आपली भाषा शिकला. आपण ती भाषा घरातून घेऊन निघतो आणि तीन वर्षांत इंग्रजीत विचार करायला लागतो. माझं तेच झालं होतं. सुट्टीत वास्कोला उपदेश केला तेव्हा आईनं घरी आल्यावर विचारलं, "कृपा म्हणजे नेमकं काय म्हणालास रे?" मी वर्गात त्यावर बारा पानं लिहिली होती, तिला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. तू इथं आलासच तर रोज एक उतारा मराठीत मोठ्यानं वाच. ग्रीकचा धडा घेतलास की त्याच जागी "प्रारंभी शब्द होता" ही ओळही ठेव. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबल केलं, त्यासाठी त्यांना मराठी सोडावी लागली नाही.

सेमिनरीला आधी एक पत्र लिही: प्रवेश एक वर्ष पुढं ढकलता येईल का, आणि पूर्ण फी माफ करणारी शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी मागता येईल का. बरेचदा हो म्हणतात. ते नाही म्हणाले तर ऑफर लेटर मला पाठव, त्यातला प्रत्येक आकडा आपण बसून बघू. माझ्याकडे रात्रीचे आठ म्हणजे सध्या तुझ्याकडे पहाटेचे साडेपाच. शनिवारी पहाटे फोन कर, आणि बायकोलाही शेजारी बसव.