टॉम ब्रॅडीने सात सुपर बोल जिंकलेत, मग सर्वांत भारी क्वार्टरबॅक कोण हा वाद अजून का चालतो? तुम्ही क्रमवारी कशी लावाल?

सात अंगठ्या म्हणजे विषय संपला, असं तुमच्या प्रश्नातच आहे. (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक साखळीचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल, आणि क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते, म्हणून इकडे जेतेपदं अंगठ्यांवर मोजतात.) अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं मीही असंच मोजायचो. पण मी न्यू जर्सीत राहतो आणि जायंट्स संघाचा चाहता, जायंट्सवाला आहे. संघाचं नाव न्यूयॉर्कचं आणि मैदान आमच्या ईस्ट रदरफर्डला, ते असो. तर हा हिशेब आमच्याच क्वार्टरबॅकने, ईलाय मॅनिंगने मोडला.

फेब्रुवारी २००८. ब्रॅडीचे पेट्रियट्स १८ पैकी १८ सामने जिंकून सुपर बोलला आले होते. शेवटच्या मिनिटांत ईलायची जर्सी विरोधकांच्या हातात होती, तो कसाबसा सुटला आणि चेंडू वर भिरकावून दिला. आमच्या डेव्हिड टायरीने तो एका हाताने चक्क हेल्मेटवर दाबून झेलला. नंतर ३५ सेकंद उरलेले असताना टचडाउन (म्हणजे चेंडू विरोधकांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं), १७-१४. चार वर्षांनी पुन्हा त्याच पेट्रियट्सना २१-१७ असं हरवलं. म्हणजे ब्रॅडीविरुद्ध सुपर बोलमध्ये ईलाय दोनपैकी दोन.

आता पुढचं ऐका. साखळी सामन्यांत ईलायचा कारकिर्दीचा हिशेब ११७ विजय, ११७ पराभव. त्याच्या थोरल्या भावाकडे, पेटनकडे, अंगठ्या दोनच, पण हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पाच एमव्हीपी. अंगठ्याच मोजायच्या तर दोघे भाऊ सारखे! आमच्या कट्टर जायंट्सवाल्यांतसुद्धा असं म्हणणारा मला भेटलेला नाही. विक्रमी पास फेकणाऱ्या डॅन मरिनोला एकही अंगठी नाही. उलट ट्रेंट डिल्फर या साध्याच क्वार्टरबॅककडे एक आहे, कारण २००० च्या हंगामात बाल्टिमोरचा बचाव लोखंडी होता. आणि जिंकल्यावर त्याच संघाने डिल्फरला नारळ दिला.

नवख्या माणसाचा आणखी एक घोळ होतो. 'ब्रॅडीने माहोम्सला (कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला) ३१-९ हरवलं' असं सर्रास म्हणतात, पण क्वार्टरबॅक एकमेकांसमोर उभेच राहत नाहीत. एकाचा संघ आक्रमणाला असताना दुसरा बाकावर बसलेला असतो. गावसकरने रिचर्ड्सला हरवलं म्हणण्यासारखंच ते. २०२१ च्या त्या सामन्यात माहोम्सला राखणाऱ्या फळीतले दोन्ही टोकांचे नेहमीचे खेळाडू दुखापतीमुळे नव्हते. बिचारा सामनाभर जीव घेऊन पळत होता.

मग आकडे बघावेत? सगळ्यांत जुना चलनी आकडा म्हणजे पासर रेटिंग. याचं सूत्र १९७३ पासूनचं आणि कमाल गुण १५८.३. का, तर चार गोष्टी मोजून प्रत्येकीला वरची मर्यादा घातली आहे: किती टक्के पास पोचले, दर पासमागे किती यार्ड, किती टचडाउन, किती चेंडू विरोधकांच्या हाती गेले. क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने २०१९ मध्ये स्वतः पळत १,२०६ यार्ड काढले, त्यांची या गणितात नोंदच नाही. चेंडू हातात असताना आडवा झालात तरी रेटिंगला धक्का लागत नाही. बारा यार्ड हवे असताना चार यार्डांचा सुरक्षित पास दिला, तर संघ अडकतो पण पास 'पूर्ण' धरला जातो. मला अशा वेळी बापू नाडकर्णी आठवतात: १९६४, मद्रास, ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी, सामना अनिर्णित. बापूंबद्दल आदर आहेच, पण त्या एका पृथक्करणावरून तुम्ही गोलंदाजांची क्रमवारी लावणार नाही.

शिवाय काळ बदलला की आकड्यांचा भाव बदलतो. १९७८ पर्यंत बचावपटू रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) वाटेत धक्के देत नेऊ शकायचे, मग पाच यार्डांपुढे धक्क्याला बंदी आली. मरिनोने १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड फेकले. पाच हजार ओलांडणारा तो पहिला, आणि तो विक्रम २७ वर्षं टिकला. २०११ मध्ये एकाच हंगामात तिघांनी पाच हजार ओलांडले. १९५० च्या दशकातल्या जॉनी युनायटसने, हंगाम बाराच सामन्यांचा असताना, सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास दिले होते, तो विक्रम २०१२ मध्ये मोडला. म्हणून युनायटसला मी यादीत घालतच नाही. त्याचा खेळ वेगळाच होता.

माझी फूटपट्टी साधी आहे: माणूस नसताना संघाचं काय झालं? २०१० मध्ये पेटनच्या कोल्ट्सचे १० विजय, ६ पराभव. २०११ मध्ये मानेच्या दुखण्याने तो पूर्ण हंगाम बाहेर, आणि संघ २-१४. घर पत्त्यांचं होतं आणि खालचा पत्ता पेटन होता. उलट २००८ मध्ये ब्रॅडी पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, बदली मॅट कॅसल खेळला आणि पेट्रियट्सनी तरी ११ सामने जिंकले. इथवर ऐकून माझा एक सहकारी दरवेळी म्हणतो, 'म्हणजे पेटन एक नंबर.' मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो.

मग २०२० आलं. ब्रॅडी ४३ व्या वर्षी टॅम्पा बेला गेला. आदल्या हंगामात टॅम्पाचे ७ विजय, ९ पराभव होते. तो आल्यावर ११-५ आणि थेट सुपर बोल. त्याच्याविना पेट्रियट्स १२-४ वरून ७-९ वर घसरले. २००० मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत १९९ वा उचललेला हा पोरगा २३ हंगाम खेळला. 'सगळी पेट्रियट्सचे प्रशिक्षक बेलिचिक यांची पुण्याई' हे म्हणणं त्या वर्षी बंद पडलं. माझ्यापुरतं तरी.

तेव्हा पहिला ब्रॅडी, दात-ओठ खात लिहितोय. दुसरा पेटन. तिसऱ्या जागी माहोम्स: तीन अंगठ्या, अंग वाकडं करून कुठूनही फेकणारा हात, पण कारकीर्द चालू आहे म्हणून पेन्सिलीने लिहिलेला. चौथा जो मोंटाना. त्याने चार सुपर बोल खेळून चारही जिंकले आणि त्यांत त्याचा एकही पास विरोधकाने झेलला नाही, त्यामुळे चौथा म्हटलं की सॅन फ्रान्सिस्कोची मंडळी बोलणं बंद करतात. पण त्याच्यानंतर स्टीव्ह यंगनेही त्याच संघाला अंगठी मिळवून दिली, हे माझ्या फूटपट्टीत त्याच्या विरोधात जातं. पाचवा मरिनो. अॅरन रॉजर्स सहावा धरा, चार एमव्हीपी असले तरी.

आणि ईलाय? पहिल्या पंधरात नाही. २०२५ मध्ये पहिल्यांदा नाव पुढे आलं तेव्हा हॉल ऑफ फेमनेही (दिग्गजांच्या मानाच्या यादीनेही) त्याला घेतलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मला त्यात अन्याय दिसला नाही. कपाटात जर्सी मात्र त्याचीच आहे, दहा नंबरची. २००८ च्या त्या रात्री अंगावर सांडलेल्या सालशाचा डाग अजून गेलेला नाही.