कात्री लागते तेव्हा नेमकं काय तुटतं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कलेच्या सरकारी अनुदानातल्या कपातीवर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर भरपूर पत्रं आली. काही चिडलेली, काही काळजीतली. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे इथे घेतेय.

ताई, रागावू नका पण स्पष्ट विचारतो. हॉस्पिटलमध्ये खाटा कमी, शाळांत शिक्षक कमी, मग सरकारने नाटक-गाण्यावर पैसा का घालायचा? कपात केली तर बरोबरच केलं ना?

रागवायचं काय त्यात, प्रश्न रास्तच आहे. फक्त आधी आकडा बघू या. अमेरिकेत कलेला केंद्राकडून मदत देणारी नॅशनल एंडॉवमेंट फॉर द आर्ट्स ही संस्था आहे, १९६५ पासून. २०२४ मध्ये तिचं बजेट होतं २०.७ कोटी डॉलर, म्हणजे माणशी साधारण ६० सेंट, आणि त्या सरकारचा वर्षाचा एकूण खर्च ६ लाख कोटी डॉलरच्याही वर. ही संस्था उद्या पूर्ण बंद केली तरी त्या पैशात देशाची आरोग्यव्यवस्था सुधारणार नाहीये. म्हणजे 'कला की हॉस्पिटल' असा हिशोब कागदावर मांडला तर तो जुळतच नाही, भाषणात मात्र छान जुळतो.

मग कात्री पहिली इथेच का लागते? कारण त्या दिवशी काहीच होत नाही. ॲम्ब्युलन्स बंद केली तर संध्याकाळपर्यंत बातमी येते, तालमीची खोली बंद केली तर कळायला चार-पाच वर्षं जातात. दुसरं कारण कायद्यातलं आहे. इंग्लंडमधल्या स्थानिक कौन्सिलांना म्हाताऱ्या माणसांची आणि मुलांची देखभाल करावीच लागते, ते कायद्याने बंधनकारक आहे, पण नाटक किंवा ऑर्केस्ट्रा बंधनकारक नाही. तर बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने २०२३ मध्ये हात वर केले, आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून, आणि पुढच्या बजेटमध्ये शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचं अनुदान आधी निम्मं आणि त्याच्या पुढच्या वर्षी शून्य करायचं ठरलं. कोणी कलाद्वेष्टं होतं म्हणून नाही, तेवढंच कापता येण्यासारखं उरलं होतं म्हणून.

आणि 'आधी सुबत्ता येऊ दे, मग कला' हे इतिहासात तरी दिसत नाही. ब्रिटनने कलेला मदत करणारी समिती काढली ती १९४० मध्ये, महायुद्ध चालू असताना, पुढे अर्थतज्ज्ञ केन्स तिचे अध्यक्ष झाले आणि १९४६ मध्ये त्यातूनच आर्ट्स कौन्सिल उभी राहिली. अमेरिकेने बेकार नाटकवाल्यांना सरकारी पगारावर घेतलं ते १९३५ मध्ये, मंदीत. तंगीतच हे केलं गेलंय, कारण तंगीतच माणसांना एकत्र बसायला जागा लागते. मला हे मनापासून वाटतं.

आमचा छोटा नाट्यगट आहे. यंदा अनुदान गेलं. ते आमच्या बजेटच्या फक्त २० टक्के होतं, त्यामुळे थोडं आवरून घेतलं की भागेल असं बाकीचे म्हणतात. भागेल का?

खरं सांगू, मला भीती वाटतेय. २० टक्के गेले म्हणजे सगळं थोडं थोडं कमी होतं असं होत नाही. हॉलचं भाडं, विमा, वीजबिल यातलं काहीच २० टक्क्यांनी कमी होत नाही, ते तेवढंच राहतं, आणि मग कुऱ्हाड पडते ती जे हलवता येतं त्यावर. लहान मुलांचा फुकट वर्ग, बाहेरगावचे प्रयोग, नव्या लेखकाचं नाटक (कारण त्याला तिकीट जाईल की नाही कोणाला माहीत). म्हणजे ज्यांच्यासाठी अनुदान घेतलं होतं नेमकं तेच आधी जातं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अरे यांचे प्रयोग तर चालूच आहेत.

दुसरी गोष्ट, बऱ्याच ठिकाणी एका पैशाला दुसरा पैसा बांधलेला असतो. वर सांगितलेली अमेरिकन संस्था ग्रँट देताना साधारण अट घालते की तेवढीच रक्कम तुम्ही दुसरीकडून उभी करा, आणि दुसरीकडचा देणारा पण विचारतो सरकारी ग्रँट आहे का, असली की त्याला भरवसा वाटतो. तुमच्याकडे असं काही असेल तर २० टक्के गेले की पाठोपाठ आणखी कुठले जाणारेत ते आजच तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणूस. प्रत्येक गटात एकजण असतो, बहुतेक वेळा अर्ध्या पगारावर, ज्याच्याकडे चाव्या असतात, कुठला दिवा लावला की फ्यूज उडतो हे ज्याला माहीत असतं, शाळेतल्या कुठल्या बाईंना फोन केला की मुलं पाठवतात, पडदा कोण शिवून देतं, हिशोबाचा कागद कुठल्या तारखेला द्यायचा, सगळं त्याच्या डोक्यात. पैसे संपले की तो दुसरी नोकरी धरतो आणि हे सगळं त्याच्याबरोबर जातं. तीन वर्षांनी सरकारला उपरती झाली आणि दुप्पट ग्रँट आली तरी तो परत येत नाही, नव्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून माझा सल्ला असा की प्रयोग कमी करा, नेपथ्य साधं करा, पण तो माणूस आणि ती तालमीची जागा शेवटपर्यंत सोडू नका. बहुतेक गट नेमकं उलट करतात, कारण प्रयोग लोकांना दिसतो आणि पगार दिसत नाही.

कलाकारांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं की. तिकीट वाढवा, स्पॉन्सर शोधा, आता तर क्राउडफंडिंग पण आहे.

तिकिटाचं आधी सांगते. बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये हे नीट मांडून ठेवलंय. कारखान्यात दर वर्षी कमी माणसांत जास्त माल निघतो, पण चार वादकांसाठी लिहिलेली रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघं वाजवत होते, आजही चौघंच लागतात आणि तेवढाच वेळ लागतो. बाकी सगळीकडे पगार वाढतात तसे यांचेही वाढवावे लागतात, नाहीतर कोण वाजवेल, पण त्यांचं काम काही वेगाने उरकता येत नाही. त्यामुळे खर्च आणि तिकीट यांच्यातली दरी वाढतच जाते, व्यवस्थापन कितीही चोख असलं तरी. आणि तिकीट वाढवलं की येणारा वर्ग बदलतो. नेदरलँड्सने २०११ मध्ये संस्कृतीच्या बजेटमधून २० कोटी युरो कापायचं ठरवलं आणि वर नाटक-संगीताच्या तिकिटावरचा कर ६ वरून १९ टक्के केला, कराचा तो निर्णय वर्षभरातच मागे घ्यावा लागला.

स्पॉन्सरला नाव झळकायला हवं असतं, त्यामुळे तो मोठ्या शहरात, मोठ्या नावाकडे जातो. यात त्याची चूक नाही, त्याचा धंदाच तो आहे. पण मग छोट्या गावातल्या वाचनालयाचं काय?

क्राउडफंडिंगबद्दल एक खरी गोष्ट सांगते, मला ती विसरता येत नाही. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय, २०१८ मध्ये त्याला २०० वर्षं झाली, सुमारे दोन कोटी वस्तू होत्या तिथे. देखभालीचे पैसे वर्षानुवर्षं कमी होत गेले. डायनासोरच्या सांगाड्याखालचा चौथरा वाळवीने खाल्ला, दालन बंद करावं लागलं, तर संग्रहालयाने लोकांकडे ऑनलाइन वर्गणी मागितली आणि लोकांनी भरभरून दिली, मागितले त्यापेक्षा जास्त. दालन उघडलं. पण आग विझवायच्या यंत्रणेसाठी कोण वर्गणी देणार, ती कोणाला दिसते? जून २०१८ मध्ये सरकारी बँकेने दुरुस्तीला पैसे मंजूर केले, त्यात आगीपासून संरक्षणाचं कामही होतं. ते पैसे कामाला लागायच्या आत, २ सप्टेंबरच्या रात्री, आग लागली. जवळच्या हायड्रंटमध्ये, म्हणजे आग विझवायला रस्त्यावर ठेवलेल्या नळात, पाणीच नव्हतं, टँकरने आणावं लागलं. बहुतेक संग्रह गेला, त्यात आता कोणी बोलत नाही अशा भाषांच्या नोंदी होत्या. लोक डायनासोरला पैसे देतात, पाइपला देत नाहीत. पाइपचे पैसे सरकारनेच द्यायचे असतात.

सरकारचे पैसे घेतले की सरकारचं ऐकावं लागतं. त्यापेक्षा नकोच ते, असं नाही वाटत?

धोका खरा आहे. १९३५ चा तो अमेरिकन नाट्यप्रकल्प १९३९ मध्ये संसदेने बंद केला, त्यात कम्युनिस्ट घुसलेत या आरोपांच्या गदारोळात. पण पैसे कोणाला द्यायचे हे मंत्र्याच्या टेबलावर न ठरवताही देता येतात. आयर्लंडने २०२२ मध्ये पात्र अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे २००० कलाकार निवडले आणि त्यांना आठवड्याला ३२५ युरो दिले, काय लिहिताय, काय रंगवताय हे न विचारता. तेव्हा भांडायचं ते पैसे देण्याच्या पद्धतीवर भांडू, पैसेच नकोत म्हणून आपण आपल्या हाताने कपातवाल्यांचं काम सोपं करतोय.

आमच्या नगरपालिकेत पुढच्या बजेटमध्ये कलाकेंद्राचा निधी कापणार अशी कुजबुज आहे. आम्ही चार सामान्य माणसं काय करणार?

कुजबुज आहे तोवरच करा, मसुदा छापून आला की आकडे हलवणं फार अवघड जातं. आत्ताच सदस्यांना एकेकट्याला भेटा. नावाजलेला कलाकार घेऊन जाऊ नका, त्याच्याबरोबर फोटो काढतील आणि विसरतील. त्यापेक्षा मुलांना तिथे पाठवणारी शिक्षिका, दुपारी पेपर वाचायला येणारे आजोबा, तिथला वॉचमन, यांना न्या. आठवड्यात किती तास जागा वापरली जाते, कोण वापरतं, एवढं एका पानावर लिहून द्या, कारण सदस्याला सभेत वाचून दाखवायला काहीतरी हातात लागतं.

आणि कपात टळत नसेल तर दोन गोष्टी लेखी मागा. एक, निदान वर्षभराची आधी सूचना. बर्लिनच्या कलासंस्थांना २०२५ साठी १३ कोटी युरोंची कपात झेलावी लागली, आणि ती नक्की झाली डिसेंबर २०२४ मध्ये, तोवर पुढच्या वर्षाचे करार झालेले होते, कलाकारांना शब्द दिलेले होते. दुसरी, पैसे नाही तर जागा द्या. संध्याकाळी रिकाम्या पडलेल्या सरकारी खोल्या, शाळेचा हॉल, भाडं माफ, वीज नगरपालिकेची. हे पटकन मान्य होतं असा माझा अनुभव आहे, कारण बजेटच्या तक्त्यात ते फारसं दिसत नाही. भेटून आलात की काय म्हणाले ते कळवा, पुढच्या अंकात त्याच्यावर लिहीन.